दावीदच्या कबरीवरची दुसरी सावली

ऋता, निखिल,

तुम्ही पाठवलेल्या फोरमवरचे चौदा अनुभव मी शिस्तीत, पेन्सिल हातात घेऊन वाचले. नऊ जणांना पांढऱ्या साडीतली बाई दिसली. तिघांच्या मागे कुणीतरी चालत आलं. एकाला आजोबांनी स्वप्नात येऊन गाडीची किल्ली कुठे आहे ते सांगितलं. चौदाव्या गृहस्थांना काय झालं हे त्यांचं त्यांनाही नीट लिहिता आलेलं नाही. प्रत्येकजण सुरुवातीला शपथ घेतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि दुसऱ्या परिच्छेदात लिंबू कापतो.

मी शपथ घेत नाही. बिदरच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी आणि भूगोल शिकवलेली बाई आहे मी. अंगात येणाऱ्या एका स्वयंपाकिणीला मी भर वर्गासमोर पाणी पाजून शुद्धीवर आणलं होतं. माझी मतं अजूनही तीच आहेत. तरीही तुम्ही 'आजी, तुझा तो एस्तेर आजीबरोबरचा अनुभव लिही' म्हणून मागे लागलात, म्हणून लिहिते. आणखी एक कारण आहे, ते शेवटी कळेल.

एस्तेर तुम्हाला आठवत असेल - नाताळाला करंज्यांचा डबा आणायची ती. आमच्याच शाळेत गणित शिकवायची. मूळची उदगीरकडची, लग्न करून इकडे आली. नवरा दावीद, कंपाउंडर. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. कमठाण्याच्या पुढे एक लहान गाव आहे, तिथल्या देवळामागच्या कबरस्तानात त्याला पुरलं. त्यांच्यात चर्चला देऊळच म्हणतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना आधीच स्वतःचं फार कौतुक आहे, त्यात भर नको.

त्या मंडळींची एक रीत आहे. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात घरटी माणसं जाऊन आपापल्या कबरींना चुना देतात. आदल्या दिवशी डब्यात कळीचा चुना भिजवायचा, त्यात थोडी नीळ, आणि अंबाडीच्या कुंच्याने दोन हात मारायचे. एस्तेर दरवर्षी दावीदची कबर रंगवायची, आणि मग शेजारची मोकळी जागासुद्धा. तिथे चार कोपऱ्यांना चार दगड रोवलेले होते. ती जागा तिची. त्या चार दगडांना ती नऊ वर्षं चुना देत आली होती.

"स्वतःच्या जागेला कामून रंग देतीस गं?" मी एकदा विचारलं होतं.

"रिकामी दिसली की कुणीबी घुसतंय," ती म्हणाली. "बसमधी रुमाल टाकतो तसं."

दोन वर्षांपूर्वी, ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी मी तिच्याबरोबर गेले. तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन झेपणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. वाकलं की दम लागायचा, म्हणून वाकायचं काम माझं आणि सूचना करायचं तिचं. रिक्षा फाटकाबाहेर उभी होती, रिक्षावाला चहाला गेला होता, माझा फोन रिक्षातल्या पिशवीत होता. 'फोटो का नाही काढला' हे विचारू नका. एकदा उत्तर दिलं.

माझ्या मनगटावरच्या घड्याळात दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. आकाश स्वच्छ. दावीदच्या उशाशी साधा सिमेंटचा क्रूस आहे, आणि त्याच्याभोवती शहाबादी फरशी. मी क्रुसाला दुसरा हात देत होते. क्रुसाची सावली पश्चिमेकडे, जराशी उत्तरेला झुकून, फरशीवर पडलेली होती. मार्चअखेरीला त्या वेळी ती तिथेच पडायला हवी.

आणि आणखी एक सावली पडली. दक्षिणेला.

मी आधी चष्मा पुसला. मग कुंचा उचलला - कुंच्याच्याही दोन सावल्या. बादलीच्या दोन. एस्तेर दगडावर बसली होती, तिच्या दोन. फाटकाशी बांधलेल्या शेळीच्या दोन. शेळीने मान वर केली नाही, ती तुरीच्या काड्या चघळत राहिली.

"एस्तेर, तुला काय दिसायलंय?" मी विचारलं. मला काय दिसतंय ते मी सांगितलं नाही. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं नसतं.

तिने फरशीकडे बघितलं, मग शेळीकडे. "सावली दोन हायत," ती म्हणाली. "दुसरा दिवा हाय की गं कुठंतरी."

आपल्याकडे मार्चमध्ये सकाळी दहाला दक्षिणेकडे सावली पडायची तर उजेड उत्तरेकडून यायला हवा, आणि तोही जवळजवळ सूर्याच्या तोलाचा. मी उत्तरेकडे वळून बघितलं. लाल माळ, एक कडुलिंब, आकाश. बाकी काही नाही. डोळे दिपले नाहीत. उत्तरेकडच्या गालाला ऊन लागलं नाही. पण सावली होती, आणि तिच्या कडा सूर्याच्या सावलीपेक्षा रेखीव होत्या.

मी जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. ओरडले नाही, हात जोडले नाहीत. चुन्यात कुंचा बुडवला आणि त्या दुसऱ्या सावलीची बाह्यरेषा फरशीवर काढली. ती सरकत होती, लांब होत होती. शेवटी शेवटी पुन्हा एकदा रेषा काढली. दहा एकतीसला ती गेली. दिवा मालवल्यासारखी.

एस्तेरच्या पिशवीत शिवणाची टेप होती. क्रूस ब्याण्णव सेंटिमीटर. पहिली रेषा एकशे दहा, दुसरी एकशे सहासष्ट. हिशोब तुम्हीच करून बघा. उजेड चाळीस अंशांवरून एकोणतीसवर उतरला, नऊ मिनिटांत अकरा अंश. सूर्य तेवढ्या वेळात फार तर सव्वादोन अंश सरकतो. म्हणजे तिथे जे काही होतं ते माळावर उतरत होतं, आणि ते आम्हाला दिसत नव्हतं.

"तिथं कुणी ऱ्हात असंल," एस्तेर वर बघत म्हणाली, "तर त्यान्च्या उजेडात बी क्रुसाची सावली पडती."

"बादलीची बी पडली की," मी म्हणाले. "बादली बी ख्रिस्ती का?"

ती इतकी हसली की तिला दम लागला. मग म्हणाली, "तू गप ऱ्हा. तुला देवाचं काय कळतंय?"

एवढाच अनुभव. फोरमवाल्यांना हा फार कोरडा वाटेल. खरी अमानवीय गोष्ट यापुढे सुरू होते, आणि ती सगळी माणसांनी केली.

ईस्टरच्या दिवशी त्यांच्या देवळात साक्ष देतात. ज्याला देवाने काही दाखवलं तो उभा राहून सांगतो. एस्तेर उभी राहिली आणि पाहिलं तेवढं सांगितलं: एक सावली आपल्या सूर्याची, दुसरी कुठली मला माहीत नाही. देवाने दुसरीकडेही कुणाला घडवलं असेल तर तो त्यांचाही देव आहे, मला त्याचा आनंद वाटतो. आणि ती खाली बसली.

त्यांचा पास्टर शमुवेल. तो नववीत माझ्या वर्गात होता. तेव्हा तो ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या जागी 'सिडनी असावी' असं लिहायचा. चुकीचं उत्तर मी माफ करते. 'असावी' माफ करत नाही. आता त्याच्याकडे माईक आहे आणि मोबाईल आहे. कुठल्या कुठल्या परदेशी प्रचारकांचे व्हिडिओ बघून त्याने 'परग्रहवासी म्हणजे सैतानाचे दूत' यावर तीन उपदेश केले होते. गावातल्या अर्ध्या लोकांनी कलबुर्गीच्या पलीकडे जग बघितलेलं नाही. ते परग्रहाची भीती घेऊन घरी जायचे.

तो त्याच दिवशी एस्तेरच्या दारात आला. मी तिथेच होते.

"अक्का, बायबलात दुसऱ्या जगाचा उल्लेख न्हाई," तो म्हणाला. "प्रभू एकदाच मेला, या पृथ्वीवर. तिकडं माणसं असतील तर त्यान्च्यासाठी कोण मेला? कुणी न्हाई म्हणलं तर देव अन्यायी ठरतो. दुसऱ्यांदा मेला म्हणलं तर शास्त्र खोटं ठरतंय. म्हणून तिकडं कुणी न्हाई. सैतान उजेडाचं रूप घेऊन येतो, तो तुम्हाला दिसला."

एस्तेर करंजीची पारी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "शमू, तू इथं पास्टर हायस. हळ्ळीखेडला बी आपली मंडळी हाय का न्हाई?"

"हाय की."

"तिथल्यांसाठी येशू परत मेला का?"

"अक्का, हळ्ळीखेड पृथ्वीवर हाय!"

"देवाला किती लांब पडतंय ते हळ्ळीखेड? आन ते तिकडचं?" ती म्हणाली. "दुसऱ्या कळपातली मेंढरं बी माझीच हायत असं प्रभू बोललाय. तू मेंढरं मोजायलास. तुझं काम चारायचं हाय."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. देव मानत नसूनही. उत्तर नसलेल्या माणसाच्या हातात अधिकार असला की काय होतं ते शमुवेलने दाखवलं. पुढच्या रविवारी त्याने जाहीर केलं: एस्तेरबाईंनी उभं राहून 'मला भ्रम झाला' किंवा 'मला सैतानाने फसवलं' असं म्हणेपर्यंत त्यांना प्रभुभोजन, म्हणजे देवळातली भाकर आणि द्राक्षारस, नाही. आणि मंडळीबाहेरच्या माणसाला मंडळीच्या कबरस्तानात जागा नाही. चार पंचांनी माना डोलावल्या. माझ्या चुन्याच्या रेषा त्यांनी खराट्याने घासून काढल्या. रेषेत सैतान राहतो म्हणे. त्यासोबत एस्तेरचे चार दगडही उपटले.

आपले लोक काही शहाणे होते असं समजू नका. तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, पंचांग घेऊन आले. "वहिनी, यात नवल काय? आपल्या पुराणांत चौदा लोक सांगितलेत. आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं."

"ठाऊक होतं तर भाऊजी, मंगळवारी दहा बावीसला काय उतरणार हे सोमवारी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. ते चहा न घेता गेले. एकाला 'नाहीच' म्हणायची घाई, दुसऱ्याला 'माहीतच होतं' म्हणायची. फरशीवर वाकून मोजायला मात्र दोघांपैकी कुणी आलं नाही.

एस्तेर खचत चालली. पाय सुजले. रात्री ती उशीला टेकून बसूनच झोपायची. सैतान नाही, एलियन नाही, तिला एकच चिंता होती. "दावीदजवळ न्हाई तर मला कुठं टाकतील गं?" ती विचारायची. शहरातल्या कबरस्तानात जागा मिळाली असती, मी चौकशीही केली होती. तिला ती नको होती. "तो एकटाच बडबडत बसंल," म्हणायची. पण 'मला भ्रम झाला' हे शब्द ती म्हणेना.

"म्हण की," मी एकदा चिडून म्हणाले. "तीन शब्द हायत. काय होतंय?"

"साक्ष म्हणून उभी ऱ्हायले मी. साक्ष परत घेता येत न्हाई. ती काय दुकानातली साडी हाय?"

मग शमुवेल माझ्याकडे आला. हातात इंग्रजीत टाइप केलेला कागद. त्याचं म्हणणं, दुसरी साक्षीदार मी, आणि मी हिंदू, शिकलेली, म्हणजे निःपक्ष. मी जर लिहून दिलं की काही दिसलं नाही, एस्तेरला उन्हाने चक्कर आली होती, तर ती आजारी होती असं धरून पंच तिला जागा देतील. तिने काहीच म्हणायची गरज नाही.

"बाई, मला बी अक्काचं वाईट वाटतंय," तो म्हणाला. कदाचित खरंच वाटत असेल. तो नजर वर करत नव्हता. "पण गावाला काय सांगू? तुमी सही करा, सगळं मिटतंय."

मी कागद दोनदा वाचला. इंग्रजीच्या तीन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. आणि सही केली.

हो, मी केली. तुमच्या आजीने, जिने 'असावी' लिहिणाऱ्यांना शून्य दिलं, तिने नऊ मिनिटं डोळ्यांनी पाहिलेलं, टेपने मोजलेलं, 'दिसलं नाही' म्हणून लिहून दिलं. मला वाटलं, मी हुशारी केली. मैत्रिणीला तिची जागा मिळाली, तिची साक्ष तिच्याकडे राहिली, खोटेपणा माझ्या नावावर.

दुसऱ्या दिवशी चार दगड परत रोवले गेले. एस्तेरला कळलं तेव्हा मी तिच्यासाठी कॉफी करत होते.

"तू खोटं लिव्हलीस," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी लिव्हले."

"माझ्यासाठी काय लिव्हलीस? मी येडी हाय म्हणून लिव्हलीस." तिने कॉफी घेतली नाही. "तो शमू खोटं बोलत न्हवता गं. त्याला खरंच तसं वाटतंय. तुला ठाऊक होतं, तरी लिव्हलीस."

पुढचे पाच आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. औषध दे. खिडकी लाव. मी जिला आयुष्यभर 'भोळी' म्हणून हसत आले, तिच्यासमोर मला मान वर करता येत नव्हती. तुमच्या माहितीसाठी: शमुवेलचा, पंचांचा, भाऊजींचा जितका तिरस्कार या पत्रात केलाय, त्याहून जास्त त्या पाच आठवड्यांत मी आरशात बघून केला.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात दुपारी तिने मला जवळ बोलावलं. आवाज उरला नव्हता.

"मी गेल्यावर तरी खरं सांगशील की?"

"सांगते."

"घरी सांगून काय उपयोग? माझ्या देवळात सांग. उभी ऱ्हाऊन."

"मला तुझ्या देवळात कोण बोलू देतंय?"

"साक्षीला कुणी न्हाई म्हणत न्हाई," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. माझा हात मात्र तिने धरला होता. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

तिला दावीदशेजारी पुरलं. शमुवेलने तिच्या साधेपणावर उपदेश केला. मी ऐकून घेतला.

पुढच्या रविवारी मी तिथे गेले. मागच्या बाकावर, बायकांमध्ये बसले. साक्षीची वेळ आली. एकाचा ताप उतरला होता. एकीची हरवलेली म्हैस सापडली होती. मग मी उभी राहिले. शमुवेलचा चेहरा नववीतला झाला.

"मी तुमच्यातली न्हाई, हे तुम्हाला ठाऊक हाय," मी म्हणाले. "मी एका कागदावर सही केली होती, की काही दिसलं न्हाई. तो कागद खोटा हाय. मी भिऊन लिव्हले, एस्तेरला जागा मिळावी म्हणून लिव्हले. त्या दिवशी दोन सावल्या होत्या. एस्तेरनं पाहिल्या, मी पाहिल्या, मी मोजल्या. तिला चक्कर आली न्हवती. सैतान होता का देव होता का आणखी कोण, मला ठाऊक न्हाई. तुमच्या पास्टरला बी ठाऊक न्हाई, त्याला फक्त भ्या वाटतंय. एस्तेर आता तिच्या नवऱ्याशेजारी झोपलीय. खऱ्या साक्षीनं तिचा हक्क जात असंल, तर जावा, कुदळ घ्या, आन काढा तिला भाईर."

त्या मंडळीची आणखी एक सवय आहे. साक्ष कुणाचीही असो, कशाचीही असो, संपली की सगळे एकसाथ 'आमेन' म्हणतात. तापाला आमेन, म्हशीला आमेन. माझे शब्द संपले आणि सवयीने, विचार न करता, सगळं देऊळ म्हणालं -

"आमेन."

मग आपण कशाला आमेन म्हणालो ते एकेकाला कळत गेलं. चार पंचांपैकी दोघांनी मान खाली घातली. माझ्याशेजारची म्हातारी, म्हैसवाली, पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि रडता रडता तिने पुन्हा एकदा म्हटलं, आमेन. या वेळी सवयीने नाही.

शमुवेल माईक धरून उभा होता. "बाई," तो म्हणाला, "बसा." मग माईक बाजूला ठेवून, "बसा, बाई. तिला कुणी काढणार न्हाई."

मी बसले.

त्या नऊ मिनिटांबद्दल मी जमेल तितक्यांना विचारलं. कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले, काचेचं परावर्तन. उत्तरेला तीन किलोमीटरपर्यंत काच नाही, मी रिक्षा करून बघून आले. दुसरे म्हणाले, उल्का. नऊ मिनिटं? तिसरे म्हणाले, बाई, वय झालं.  कुणाकडे खरं स्पष्टीकरण असेल तर मला पाठवा, मी तपासून बघेन. आजपर्यंत एकही उत्तीर्ण झालेलं नाही, माझंसुद्धा.

म्हणून हे लिहिलं. तो कागद अजून त्यांच्या कपाटात आहे आणि त्यावर माझी सही आहे. उद्या कुणी तो तुमच्यासमोर धरला, तर हा धरा. आजीने पाहिलं. आजीला कळलं नाही. ही दोन्ही वाक्यं जशीच्या तशी फोरमवर टाका, आणि एकासाठी दुसरं खोडू नका.

- आजी